चोर सुटला, संन्याशाला फाशी

बस त्या स्टुलावर. आणि मी बोलत असताना मान डोलवू नकोस. गेलं वर्षभर तू नुसती मान डोलवत आलास, त्याचंच फळ आज शेडच्या दारात उभं आहे.

काय उभं आहे, सांग बरं? १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी. आजींची. त्यांच्या यजमानांनी नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट बघून घेतलेली. ते गेले, गाडी राहिली. दर रविवारी नातू ती सुरू करतो आणि आजी पडवीत बसून नुसता तिचा आवाज ऐकतात. अशी गाडी मी तुझ्या हवाली केली. तक्रार काय होती? ही बघ वही, अक्षर तुझंच आहे. ‘सेल्फ कण्हतो. चोकच्या मुठीपाशी जळका वास येतो. पार्किंग लाइटचा फ्यूज उडतो.’ तीन वाक्यं. पहिल्या दोन वाक्यांत रोगाचं नाव, गाव, पत्ता सगळं होतं. तू ती लिहून घेतलीस, वाचली मात्र नाहीस.

आता बिल वाचतो, तेही तूच केलंयस. नवी बॅटरी. सेल्फला नवं आर्मेचर. नवा कटआउट. डायनामोचे कार्बन. इग्निशन स्विच. आणि शेवटी डॅशबोर्डखालचा वायरिंगचा गठ्ठा टेप सोलून, मधोमध काही वायरी कातरून, आतडी बाहेर काढल्यासारखा लोंबत सोडलेला. सहा दिवसांत सहा पराक्रम. आणि सेल्फ? अजून कण्हतोच आहे. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी म्हणतात ते हे.

बरं, एवढं करून तोंड वर करून मला काय म्हणालास? ‘सर, वायरिंगच जुनं झालंय, सगळं नवीन टाकू.’ जुनं झालंय म्हणे! अरे, जुनं आहे म्हणून तर गाडी आपल्याकडे आली. जुनं असणं हा दोष नाही, ते वय आहे. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली उभ्या केलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ती निघाली. तिच्या हजारो काळ्यापिवळ्या बहिणींनी मुंबईच्या पावसात चाकं झिजवली आणि २०२३च्या ऑक्टोबरअखेर त्यांतली शेवटची टॅक्सीही रस्त्यावरून उतरली. तू कातरलेल्या गठ्ठ्याच्या बदल्यात कुर्ल्याहून आता नवा गठ्ठा येणार नाही. तो तुलाच सांधावा लागणार आहे, एकेक वायर करून. त्याचं पुढे बोलू.

आधी दोष कुठे होता ते ऐक. काल रात्री तू घरी गेल्यावर मी गाडीपाशी गेलो. जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं, दुसरं इंजिनाच्या ब्लॉकला, आणि सेल्फ मारला. पहिल्या फटक्यात गाडी सुरू. दोन मिनिटं लागली. तुझे सहा दिवस, माझी दोन मिनिटं. ही माझी हुशारी नाही. तुझा आळस आहे. हाताला मेहनत खूप दिलीस, डोक्याला सुट्टी दिलीस, म्हणून आळस म्हणतोय.

मग टॉर्च घेऊन खाली वाकलो. तांब्याच्या तारांची विणलेली ती चपटी पट्टी माहीत आहे ना? वीतभर लांब, वेणीसारखी. एक टोक गिअरबॉक्सला, दुसरं बॉडीला. ती एका बोल्टवर लोंबत होती, दुसरं टोक हवेत. दोन महिन्यांपूर्वी कुठल्याशा गॅरेजात क्लच प्लेट बदलली, हेही वहीत आहे, कारण नातवाने सांगितलं होतं. गिअरबॉक्स उतरवताना पट्टी सोडली, चढवताना लावायची राहिली. ‘गाडीला मागे कोणी हात लावला?’ हा पहिला प्रश्न. उत्तर तुझ्या वहीत होतं आणि तू बॅटरी आणायला बाजारात गेलास.

आता फळ्याकडे बघ. बॅटरीचा निगेटिव्ह बॉडीला. सेल्फ इंजिनाला बोल्टने आवळलेला. इंजिन कशावर बसलंय? रबराच्या माउंटिंगवर. रबरातून करंट जात नाही हे चौथीतलं पोर सांगेल. मग पॉझिटिव्हच्या जाड केबलमधून सेल्फमध्ये शिरलेला करंट बॅटरीकडे परत कसा जाणार? त्या वेणीतून. वेणी नाही, मग? करंट हात जोडून थांबत नाही. मिळेल त्या वाटेने घरी जातो. इंजिनापासून डॅशबोर्डपर्यंत आणखी काय लोखंड जातं? चोकची केबल. गिअरबॉक्सपासून? स्पीडोमीटरची केबल. गेला त्यांतून. चोकच्या मुठीपाशी वास का येत होता, आलं लक्षात? डॅशबोर्डमध्ये शॉर्ट नव्हता. तिथलं वायरिंग बिचारं निर्दोष होतं. तू वासाच्या जागी कातर चालवलीस. धूर दिसला तिथे चोर असतोच असं नाही. बऱ्याचदा चोराच्या जागी राबणारा हमाल तिथे घामाघूम झालेला असतो.

हा तुझा मूळ दोष. तू वायर म्हणजे फक्त लाल, पिवळी, निळी, डोळ्याला दिसणारी एवढीच समजतोस. ती सगळी जायची वाट. पण प्रत्येक दिव्याची, हॉर्नची, मोटरीची निम्मी वायर म्हणजे गाडीचा पत्रा. तो गंजतो, त्याला पेंटर रंग फासतो, त्यावरचे बोल्ट सैल होतात. घरातला इलेक्ट्रिशियन दोन वायरी मोजतो. तू एकच मोजतोस आणि दुसरी देवावर सोडतोस. अर्थ नीट नसेल तर बाकीचं वायरिंग निरर्थक, हे मी पहिल्या आठवड्यात बोललो तेव्हा सगळे हसलात. विनोद लक्षात राहिला, धडा नाही.

‘पण सर, मी अर्थ चेक केला होता.’ येऊ दे, याचीच वाट बघत होतो. कसा चेक केलास? मीटर कंटिन्युइटीवर लावलास, एक टोक इंजिनाला, एक बॉडीला. पीं वाजलं. खूश झालास. अरे, ते पीं चोकच्या केबलमधूनही वाजणारच! त्या पीं-साठी मीटर चिमूटभर करंट सोडतो. तेवढा करंट तुटत आलेल्या केबलच्या शेवटच्या एका तारेतूनही आरामात जातो. ओढ्यावरच्या साकवावरून मांजर गेलं म्हणून तू ट्रक घातलास.

मोजायचं कसं ते लिहून घे, या वेळी वाचण्यासाठी. मीटर वीस व्होल्ट डीसीवर. कॉईलची बारीक वायर काढून ठेव, म्हणजे गाडी सुरू होणार नाही, नुसती फिरेल. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हच्या शिशाच्या खुंटावर. क्लँपवर नाही, खुंटावर. क्लँप आणि खुंट यांच्यामध्येही पांढरी बुरशी बसून चोरी होते. दुसरं टोक इंजिनाच्या उघड्या धातूवर. आता कोणाला तरी सेल्फ मारायला सांग आणि आकडा बघ. मीटर शून्याच्या जवळ राहिला पाहिजे. पाव व्होल्टाच्या वर गेला की परतीच्या वाटेत खड्डा आहे. काल रात्री आकडा होता ४.५.

साडेचार व्होल्ट! बॅटरीच्या दोन खुंटांवर त्याच वेळी ११.३ होते. म्हणजे सेल्फच्या वाट्याला उरले पावणेसातच्या आसपास. बाराच्या भुकेल्याला निम्मं जेवण. तो कण्हणार नाही तर काय गाणं म्हणेल? आणि करंट शंभर अँपिअर धर, कमीच धरतोय. ४.५ गुणिले १०० म्हणजे ४५० वॉट. आपलं सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं आहे. अशी अठरा आयर्न तू आजींच्या चोकच्या केबलला चिकटवली होतीस, आणि दर वेळी ‘एकदा परत मारून बघू’ म्हणत सेल्फ मारत होतास. गाडी पेटली नाही ही आजींची पुण्याई. आणखी एक हिशेब: ४.५ भागिले १०० म्हणजे ०.०४५ ओहम. मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच विरोध याहून जास्त असतो. तो तुला ओहमवर काय दाखवणार, कपाळ? म्हणून सांगतो, जाड करंटाचा दोष ओहमवर मोजायचा नाही. काम चालू असताना व्होल्टवर मोजायचा.

बॅटरीला तू पहिल्याच दिवशी फासावर चढवलंस. तिची साक्ष घेतलीस का? काल मी तीच परत लावून बघितली. शांत असताना १२.६ व्होल्ट दाखवत होती, म्हणजे पोट भरलेलं. सेल्फ मारताना ११.३ वर टिकून होती. बॅटरी मेलेली असती तर नऊ-साडेनऊच्या खाली कोसळली असती. ती टिकून राहिली याचा अर्थच हा की तिच्याकडे कोणी पुरेसं मागितलंच नाही. मागणारा वाटेतच अडला होता. काल वेणी घासूनपुसून लावल्यावर तिच्यावर १०.४ आले आणि सेल्फ भिंगरीसारखा फिरला. व्होल्ट कमी झाले आणि गाडी सुधारली! हे कोडं रात्री झोपताना सोडव. नाही सुटलं तर झोपू नकोस.

आता फ्यूज. मान वर कर, इकडे बघ. हा फ्यूज कोणी लावला? पांढऱ्या चिनीमातीची कांडी, तिच्यावर धातूची बारीक पट्टी, ८ अँपिअरचा. आणि तिच्यावर गुंडाळलेला हा चांदीचा कागद! सिगारेटच्या पाकिटातला. पाकीट कोणाचं ते मी विचारत नाही, तो कान पिळायचा हक्क तुझ्या वडिलांचा. पण हा कागद? फ्यूज उडतो म्हणजे तो काम करतो. रात्री कुत्रं भुंकतं म्हणून तू कुत्र्याचं तोंड बांधलंस आणि चोराला दार उघडं ठेवलंस. फ्यूज मरायला तयार नसला की वायर फ्यूज होते. आणि ती एकटी वितळत नाही. गठ्ठ्यात शेजारी बांधलेल्या आठ जणींना घेऊन जाते. मग खरोखरच ‘सगळं नवीन टाकू’ म्हणायची वेळ येते.

शॉर्ट शोधायला फ्यूज जाळत बसायचं नसतं, कागद तर नाहीच नाही. ही बघ माझी तीस वर्षांची सोबतीण. इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब, होल्डरला दोन वायरी, टोकांना क्रोकोडाइल क्लिपा. फ्यूज काढायचा आणि त्याच्या जागी हिला लावायचं. आता कितीही मोठा शॉर्ट असू दे, पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जाणार नाही. काही जळणार नाही, काही उडणार नाही. पार्किंगचे सगळे बल्ब काढून ठेवले आणि स्विच चालू केला. बल्ब जागेवर असते तर ही मंद जळली असती, तो नेहमीचा भार. बल्ब काढूनही लख्ख पेटली म्हणजे पुढे कुठेतरी वायर पत्र्याला टेकलीय. मग एकेक फांदी सोडवत जायचं. पुढच्या दिव्यांची वायर सोडली, ही पेटलेलीच. मागे जाणारी सोडली, विझली. परत जोडली आणि मागचा गठ्ठा हळूहळू हलवत गेलो. डिकीच्या कोपऱ्यात आलो आणि हिने डोळा मारला.

तिथे काय होतं ते मी तसंच ठेवलंय, तुझ्यासाठी. टॉर्च घे आणि जा, बघून ये. बघितलंस? पत्र्याच्या भोकातलं रबरी ग्रोमेट कधीच झडून गेलंय. चाळीस-पंचेचाळीस वर्षं वायर त्या धारदार कडेवर थरथरत घासली. वरचं कव्हर कापलं गेलं, आत तांबं दिसतंय, टोकाला हिरवं पडलंय आणि पत्र्यावर ठिणगीचा काळा डाग. तांदळाच्या दाण्याएवढी जागा. पाच रुपयांचं रबर. आणि तू डॅशबोर्ड फाडलास. जिथे वायर पत्र्यातून जाते, जिथे ती वाकते, जिथे कोणी नंतर जोड दिलाय, तिथे आधी बघायचं. दोष मधल्या सरळ रस्त्यावर क्वचित सापडतो. तो वळणावर, दारात आणि दुसऱ्याच्या हाताच्या खुणेवर बसतो.

आणखी एक लपवलंस, तेही मला कळलंय. ब्रेक दाबला की पार्किंगचे दिवे मिणमिणतात, म्हणून तू ब्रेक स्विच बदलायला निघाला होतास. तो बॉक्स तुझ्या टेबलाखाली आहे. स्विच बिचारा चोख आहे. मागच्या डाव्या दिव्याचा होल्डर गंजलाय, अर्थ गेलाय. त्या बल्बात दोन तारा, एक २१ वॉटची ब्रेकची, एक ५ वॉटची पार्किंगची, आणि दोघींचं परतीचं दार एकच. ते दार बंद झालं की ब्रेकचा करंट शेजारणीच्या खोलीतून उलटा शिरतो, पार्किंगच्या वायरीने मागे जातो आणि दुसऱ्या दिव्यांमधून बाहेर पडतो. म्हणून ते मिणमिणतात. गाडी वेड्यासारखी वागते, एकाचं बटण दाबलं की दुसराच बोलतो, तेव्हा शंभरातल्या बहुतेक वेळा परतीचं दार बंद असतं. पॉलिश पेपर, दोन मिनिटं, काम संपलं.

आणि रंगांवर जाऊ नकोस, हे कितीदा सांगू? ॲम्बेसेडर म्हणजे मॉरिसचं घराणं. तिथे तपकिरी म्हणजे थेट बॅटरी, पांढरी इग्निशन, हिरवी फ्यूजनंतरची, काळी अर्थ. ते पाठ करून तू पद्मिनी सोडवायला बसलास. ही फियाटची लेक, हिची बोली वेगळी. कटआउटवर आकडे कोरलेत, ५१, ६७, ३०. डायनामो, फील्ड, बॅटरी. ते वाचायचे. त्यातून इतक्या वर्षांत हिला किती हात लागले असतील? ज्याच्याकडे जो तुकडा होता तो त्याने जोडला. रंग खोटं बोलतो, आकडा क्वचित, मीटर कधीच नाही; पण मीटरला प्रश्न नीट विचारावा लागतो. उद्या कोणी साठ सालाच्या आतली मॉरिस आणली तर पॉझिटिव्ह अर्थ असू शकतो. तिथेही असाच डोळे मिटून बॅटरी जोडशील आणि मग माझ्यासमोर येऊन उभा राहशील.

तुला वाटत असेल, म्हाताऱ्याने एवढं काय लावलंय. सामान तर नवंच टाकलं, बिघडवलं तर नाही. ऐक. मी तुझ्या वयाचा असताना मुंबईत एका गॅरेजात होतो. एक टॅक्सीवाला रोज सकाळी बॅटरी उतरलेली घेऊन यायचा. मी त्याला बॅटरी बदलायला लावली. मग डायनामो बदलायला लावला. प्रत्येक वेळी एक दिवसाची कमाई बुडाली, वर सामानाचे पैसे. आमच्या उस्तादांनी एका सकाळी, गाडी सुरू व्हायच्या आधी, माझा हात धरून डायनामोवर ठेवला. कोमट होता. रात्रभर बंद असलेल्या गाडीचा डायनामो कोमट! कटआउटचे पॉइंट चिकटले होते. बॅटरी रात्रभर डायनामोला मोटरीसारखं फिरवायला बघत होती, पट्ट्याने तो अडलेला, म्हणून नुसता तापत होता. त्या वाटेवर फ्यूज नसतो, त्यामुळे काही उडालंही नाही. उस्ताद मला बोलले नाहीत. टॅक्सीवाल्याला म्हणाले, ‘या पोराने तुमचे जेवढे घेतले, ते त्याच्या पगारातून वळते करून देतो.’ तीन महिने वळते झाले. त्यानंतर मी मोजल्याशिवाय एक भाग बदललेला नाही.

तुझा पगार नाही, फी आहे, म्हणून तुझा हिशेब वेगळा. उठ आता. आजींच्या बिलातून वेणीचा बोल्ट, ग्रोमेट आणि दोन तासांची मजुरी सोडून बाकी सगळं खोड. त्यांना फोन मी करणार नाही, तू जाणार; घरी जाऊन, पायरीवर उभा राहून, काय चुकलं ते साध्या मराठीत सांगणार. मग तो कातरलेला गठ्ठा. प्रत्येक वायर मीटरने तपासून, चिठ्ठी बांधून, कागदावर तिचा नकाशा काढून, सोल्डर करून, स्लीव्ह चढवून जोडायची. पीळ मारून काळी टेप गुंडाळलेला एक जरी जोड मला दिसला, तर सगळा उघडून परत. रविवारी आजी पडवीत बसायच्या आत.

आणि भंगाराच्या डब्यातून तू काढून टाकलेलं सगळं वेचून आण. ती जुनी बॅटरी, जुनं आर्मेचर, कटआउट, कार्बन, इग्निशन स्विच. पुसून या टेबलावर ओळीने मांड. सोमवारी सगळ्या वर्गासमोर एकेक तपासायचं. प्रत्येकासमोर खडूने लिहायचं, दोषी की निर्दोष. मी काल रात्रीच तपासलेत. निकाल मला माहीत आहे. तो तुझ्या तोंडून, तुझ्या हातातल्या मीटरवरून ऐकायचा आहे. पाचही संन्यासी आहेत.

जा. टॉर्च जागेवर ठेव आणि डिकी लाव, हळू. तिथली वायर अजून उघडी आहे.